धुरपदाआत्याचं आवतण

आमच्या गावातले पुरुष रस्त्याने चालताना मध्येच मागे वळून बघतात. परक्या माणसाला वाटतं, इथे कुत्री फार असावीत. तसं काही नाही. ही सवय त्यांना धुरपदाआत्याने लावली. कोणी छाती काढून, हात मागे बांधून, जरा जास्तच रुबाबात निघाला की आत्या गुपचूप त्याच्या मागे लागायची आणि हुबेहूब त्याच्यासारखी चालायची. तोच खांदा वाकडा, तीच मान, थुंकायची तीच तऱ्हा. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बायका हसून लोळायच्या. पुढच्याला कळायचं नाही की आज आपल्याला बघून सगळं गाव एवढं खूश का आहे. तो वळला की आत्या जागच्या जागी साधी बाई व्हायची आणि विचारायची, "काहून थांबलास रे बापा? चाल की. मी तुज्याच मागं येऊन राहिले."

मी पोलिसात आहे, हिंगोलीला. चालीवरून माणूस ओळखायचा असतो, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं तेव्हा सगळ्या मुली वहीत लिहून घेत होत्या आणि मी एकटी खाली मान घालून हसत होते. साहेबांनी कारण विचारलं. आता त्यांना धुरपदाआत्या कशी समजावून सांगणार? तेव्हा नाही सांगता आलं, म्हणून आज सांगते.

पुसेगावच्या बाजाराला जिथून जीपा भरतात त्या फाट्यापासून आत आमचं गाव. आत्या या गावची लेक. तिला भाऊ नव्हता, म्हणून तिच्या बापाने जावई घरी आणला. ज्ञानोबामामा स्वभावाने इतके गरीब की पाहुण्याला स्वतःचंच नाव हळू आवाजात सांगायचे. गावच्या सुनांना जी बंधनं असतात ती लेकीला नसतात. सुनेने पारासमोरून जाताना पदर घ्यायचा, वडीलधाऱ्यांपुढे उभं राहायचं, मोठ्याने बोलायचं नाही. आत्या जन्मभर लेकच राहिली. भर चौकात म्हणायची, "ह्या गावात मी लेक हाय. सून हे हायत." आणि मामांकडे बोट दाखवायची. मामा खरंच टोपी सारखी करून लाजायचे.

सोंग काढायची विद्या तिला बापाकडून मिळाली. तिचा बाप सोंगी भारुडात बाईचं काम करायचा. आठ-दहा वर्षांची धुरपदा त्याला लुगडं नेसवायची आणि वर त्याच्या चुका काढायची. "बाप म्हनायचा, बाई कमरेतनं चालती. म्या म्हन्लं, येड्या, डोक्यावर घागर असली की बाई मानंतनं चालती. कमरेतनं चालंल तर घागर पडंल की." बापाने तिचं ऐकलं आणि त्या वर्षी औंढ्याच्या बाजूला कुठेतरी त्याला मानाचा नारळ मिळाला. "मला कायबी न्हाई मिळालं. पोरीनं सोंग काढायचं नस्तं म्हने. गड्यानं बाई झालेलं चालतंय, बाईनं गडी झालेलं न्हाई." एवढं सांगून ती मामांना हाक मारायची आणि विषय बदलायची. पण ते तिला लागलेलं होतं. तिने पुढे जे जे केलं त्याच्या मुळाशी ही बाब असावी असं मला वाटतं.

तिचं गाजलेलं सोंग म्हणजे सरपंचबाईचं हळदीकुंकू. आमच्याकडे सरपंचपद बायकांना राखीव झालं आणि संगीतावहिनी निवडून आल्या. पाटीवर नाव वहिनींचं आणि खुर्चीत त्यांचे यजमान भागवतराव. लोकही त्यांनाच सरपंच म्हणायचे. संक्रांतीचे, वाण लुटायचे दिवस होते. ग्रामपंचायतीत बैठक भरली होती. आत्या पुढे, मागे गल्लीतल्या बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात ताट. आत्या सरळ खुर्चीपाशी गेली आणि भागवतरावांच्या कपाळाला बोटभर कुंकू टेकवलं.

"आत्या, ही काय मजाक करून राहिलीस?" भागवतराव उठू लागले.

"मजाक कशाची बापा? पाटीवर 'सरपंच संगीताबाई' असं लिवलंय. आमी अडानी बाया, लिवलं त्येच खरं धरतो. ह्या खुर्चीत जे बसलंय ती संगीताबाई. घ्या, वोटी घ्या."

हळदीकुंकवाला नाही म्हणता येत नाही. नाही म्हणावं तर अपशकुन आणि हो म्हणावं तर ही गत. एकामागून एक बायका येत गेल्या. बैठक संपेपर्यंत भागवतरावांचं कपाळ लालभडक आणि मांडीवर गहू, बोरं, उसाची कांडकी, हरभऱ्याचे घाटे आणि प्लॅस्टिकचे डबे. दाराशी उभा असलेला एक कार्यकर्ता चेकाळून ओरडला, "बांगड्या भरा त्याला, बांगड्या!" त्यासरशी आत्या गर्रकन वळली. "बांगड्या काय सजा हाय का रे? तुजी माय हातभर घालती, ती काय गुन्हेगार हाय? मी हितं मान द्यायला आले, कुनाचा पानउतारा कराया न्हाई." कार्यकर्ता दाराआड सरकला. पुढच्या बैठकीपासून खुर्चीत संगीतावहिनी बसू लागल्या आणि भागवतराव बाजूच्या बाकावर. कुंकवाचा डाग त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून गेला नाही असं त्यांची बायकोच हसत सांगते.

मी तिला एकदा विचारलं होतं की तू सरळ भांडत का नाहीस. ती म्हणाली, "भांडल्यावर मानूस दार लावून घेतंय. हसल्यावर त्येचं तोंड उघडं ऱ्हातंय. उघड्या तोंडात दोन गोष्टी घालता येत्यात."

आता माझी गोष्ट. बारावी झाल्यावर मी आणि गल्लीतल्या तीन मुली पोलीस भरतीच्या मागे लागलो. पहाटे फाट्याच्या डांबरी रस्त्यावर पळायचो. ट्रॅकपँट, टी-शर्ट आणि बाजारातून आणलेले बूट. आमच्यापुढे या गावातली एकही मुलगी रस्त्याने पळाली नव्हती. ओढ्याच्या पुलापर्यंत जाऊन परत. आप्पा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर तंबाखू मळत बसायचे आणि मी परत आले की काही न बोलता आत जायचे. माय चहा ठेवायची. बरं चाललं होतं.

मग गावातल्या एका मुलीने हिंगोलीला जाऊन आपल्या मनाने लग्न केलं. ती बिचारी कधी शंभर पावलंही पळालेली नव्हती. शिवणक्लासला जायची. पण लोकांना बोट ठेवायला जागा पाहिजे होती आणि आम्ही रोज पहाटे त्यांच्या डोळ्यांसमोरून जात होतो. पारावर सखारामतात्या म्हणाले, "आज रस्त्यानं पळून राहिल्या, उद्या पळून जातीन." झालं. मराठीत पळणं आणि पळून जाणं यांत अंतर किती ते बघा, पण तात्यांनी ते एका वाक्यात मिटवून टाकलं. तात्या गावातले जुने, शब्दाला वजन असलेले. ग्रामसभेत ठराव आणायचं ठरलं: मुलींनी गावाबाहेर रस्त्यावर पळू नये. पंधरा ऑगस्टच्या सभेत एवढा गोंधळ झाला की सभा तहकूब झाली. ती पोळ्यानंतर घ्यायची ठरली आणि तोवर आपापल्या पोरी आपापल्या घरात ठेवा असं सगळ्यांना सांगण्यात आलं.

आमच्या घरात त्या संध्याकाळी आप्पांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. शिरड शहापूरचं एक स्थळ त्यांच्या मनात होतंच. पोळा झाला की बघायला येणार होते. "गावानं रस्ता बंद केला तर मी एकटा काय करू? रस्ता ऱ्हायला तर पळ, न्हाई तर शिरडच्या लोकायला हो म्हनतो." बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. भरती हिवाळ्यात होती. पळणं सुटलं की पाय जड होतात, आणि पायांआधी मन. मी धुरपदाआत्याच्या घरी जाऊन तिच्या चुलीपुढे बसले आणि ओक्साबोक्शी रडले. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. शेवटी म्हणाली, "रडून झालं का? तव्यावरली उलट जरा. पळून जायाला सराव लागत न्हाई गं. सराव तर पळत जाऊन माघारी यायला लागतोय. हे तात्याला कुनी सांगावं?"

"तू सांग ना."

"मी सांगितलं तर त्यो आयकंल का? त्येच्याच तोंडून वदवलं पायजे."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळण असते. ओढ्यावर बैल धुऊन आणायचे, वेशीपुढच्या मोकळ्या जागेत रांगेने उभे करायचे आणि वर्षभर जू वाहून निबर झालेले त्यांचे खांदे पळसाच्या पानाने तूप-हळद लावून मळायचे. मळून झालं की बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." आमंत्रणच ते, जेवणाचं, रीतसर. एकदा हे म्हटलं की दुसऱ्या दिवशी बैलाला कामाला जुंपायचं नाही, चाबूक उगारायचा नाही, तो जिकडे जाईल तिकडे जाऊ द्यायचं. गावातल्या प्रत्येक पुरुषाने हे लहानपणापासून इतक्या वेळा म्हटलेलं असतं की झोपेत अर्धं ऐकलं तरी उरलेलं अर्धं तोंडातून येतं.

आत्याने बेत सांगितला तेव्हा मला तो मुळीच आवडला नाही. "मी काय बैल हाय का?" मी फणकारले.

"बैल झालीस तर नशीब समज," ती म्हणाली. "ह्या गावात वर्सातून एक दिस तरी ज्येच्या खांद्याला कुनी तूप लावतंय असं येकच जित्राब हाय. तुज्या मायच्या खांद्याला कुनी लावलंय? माज्या? बाप मला लई जीव लावायचा, पर त्येनं बी न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "पर पोळ्याच्या दिशी करायचं न्हाई. त्यो मान बैलाचा. आपुन आदल्या दिशी, रांगंच्या शेवटाला उभं ऱ्हायचं."

तर आम्ही चौघी त्या संध्याकाळी बैलांच्या रांगेच्या टोकाला उभ्या राहिलो. पायात बूट, अंगात ट्रॅकपँट, पाठीवर आत्याने जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या झुली. माझ्या शेजारी भागवतरावांचा पांढरा बैल होता. तो माझी झूल चाटत होता. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग मामांनी परात वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी माना वळवल्या. एवढा लाजाळू माणूस, पण बायकोने परात हातात दिली की कशी कोण जाणे त्यांच्या अंगात जान यायची.

आत्या आली ती मामांचं धोतर नेसून, डोक्याला पटका, हातात तुपाची वाटी. चाल तात्यांची. अगदी तात्यांची, डावा गुडघा जरा ओढत. सगळी वेस हसली, तात्यांचे नातूसुद्धा. आम्हाला वाटलं आता तात्या चिडणार, पण आत्याने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती आमच्याकडे आली आणि त्यानंतर तिने एकही विनोद केला नाही. पळसाचं पान तुपात बुडवून तिने माझ्या खांद्याला लावलं, मग थांबली. "ह्यांचा भार खांद्यावर न्हाई. पायावर हाय." असं म्हणून ती धुळीत बसली आणि माझ्या पिंढऱ्या मळू लागली. तिचे हात खरबरीत होते आणि तूप कोमट होतं. बैलाला तूप लावायला माणसं वाकतात हे सगळ्यांनी बघितलं होतं. पोरीच्या पायांशी कोणी बसलेलं कोणी बघितलं नव्हतं. मला फार रडू आलं. माझी माय ओट्यावर उभी होती, तिने पदर तोंडाला लावला होता.

चौघींचं झाल्यावर आत्या कमरेवर हात देऊन उठली, माझ्या कानाशी आली आणि सगळ्या वेशीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आज आवतन घ्या..."

आणि थांबली. कपाळ खाजवलं. आकाशाकडे बघितलं. "आज आवतन घ्या... उद्या... उद्या काय बरं ते? इसरले की वं."

"उद्या जेवाया या!"

सगळी वेस बोलली. म्हातारे, तरणे, दोरी धरून उभी असलेली पोरं, सगळे. तात्यांचा आवाज सगळ्यांत मोठा, कारण रीत चुकलेली त्यांना कधीच खपत नसे. त्या आवाजांत मला आप्पांचा घोगरा आवाज ओळखू आला.

"आयकलं का गं पोरीहो?" आत्या टाळ्या वाजवून म्हणाली. "अख्ख्या गावानं आवतन दिलं!"

मग जो हशा उसळला त्यात बैल बिचकले. तात्या हात झाडत पुढे आले. "ते बैलाला दिलंय, धुरपदे!"

"कोन्या बैलाचं नाव घेतलं तुमी, तात्या? मी पोरीच्या कानात बोलत होते. तुमी मागून जेवाया बोलावलं."

"तोंडातून गेलं ते."

"आवतन तोंडातूनच जातंय की. दुसरं कुटून जाईल?" आत्याने पटका काढला, केस नीट केले आणि आवाज खाली आणला. "तात्या, तुमी रीत जानता. आवतन दिलेल्याला उद्या कासरा लावायचा न्हाई. बराबर हाय का न्हाई?"

तात्यांनी आधी बैलांकडे बघितलं, मग आमच्याकडे. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो, ही त्यांची अडचण. शेवटी म्हणाले, "बराबर हाय. पर उद्याच्या दिवस. फकस्त उद्या."

"उद्या तर उद्या. आज कोन मागून राहिलंय?"

पोळ्याच्या पहाटे आम्ही पळालो. इतक्या दिवसांनी पळताना छाती फुटेल असं वाटत होतं आणि पुलावर पोचल्यावर चौघी उगाचच ओरडलो. परत आले तर माय दारात तांब्या घेऊन उभी. बैल वेशीतून आल्यावर त्यांच्या पायावर पाणी घालतात, तसं तिने माझ्या धुळीने भरलेल्या बुटांवर पाणी घातलं. नवे बूट भिजले म्हणून मी ओरडले, आणि ओरडताना तिच्याकडे बघितलं, आणि मग दुसराही पाय पुढे केला.

दुपारी आत्याने आम्हाला मिरवत सखारामतात्यांच्या घरी जेवायला नेलं. सर्वांत मोठ्याने आवतण त्यांनी दिलं होतं, तेव्हा पहिला मान त्यांचा. काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, पुरणपोळ्यांची चळत आधीच करून ठेवली होती. मला तर संशय आहे की आत्याच्या बेतात त्या पहिल्यापासून सामील होत्या. तात्या आधी माडीवरून खाली येईनात. मग आले आणि स्वतः तूप वाढायला उभे राहिले. माझ्या ताटाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "कितीत पळतीस?" मी सांगितलं. "आन लागतंय किती?" मी तेही सांगितलं. "मंग कमीच हाय की अजून," असं पुटपुटून त्यांनी तुपाची धार चांगली दोनदा फिरवली. आत्या ताटात बघत जेवत होती, पण तिचे खांदे हलत होते.

तरी ठराव मागे घेतला नव्हता. पोळा झाल्यावर तहकूब सभा भरली. या खेपेला बायकाही मोठ्या संख्येने आल्या. आत्या कोपऱ्यात साध्या लुगड्यात बसलेली. परात नाही, पटका नाही. मी तिला खूण करून विचारलं, आज काही करणार नाहीस का? तिने मान हलवली. संगीतावहिनींनी खुर्चीतून विषय वाचला आणि कोणाला काही बोलायचं आहे का विचारलं. सगळे आत्याकडे बघू लागले. आणि मग आप्पा उठले. माझे आप्पा सभेत कधी बोलले नव्हते. त्यांना उभं राहून बोलायची सवयच नव्हती, म्हणून समोरच्या खुर्चीची पाठ धरली होती.

"आवतन मी बी दिलंय," ते म्हणाले. "माज्या तोंडून गेलं. गेलं तर गेलं. जेवाया बोलावून दारातून माघारी लावायची आमच्या घरात रीत न्हाई. माजी पोरगी पळंल." एवढं बोलून ते खाली बसले आणि तंबाखूची पुडी शोधू लागले. ती हातातच होती.

त्यानंतर बाकीच्या तिघींपैकी दोघींचे बापही तेच बोलले. तात्यांनी घसा खाकरला आणि सुचवलं की ठरावात थोडी दुरुस्ती करावी: मुलींनी रस्त्यावर एकटीने पळू नये, चौघींनी मिळून पळावं. आम्ही पहिल्या दिवसापासून चौघीच मिळून पळत होतो. पण ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला आणि तात्या पारावर जिंकल्यासारखे बसले. मला राग आला. आत्या म्हणाली, "बसू दे की. तुला रस्ता पायजे का पटका?"

शिरड शहापूरला आप्पांनी निरोप पाठवला, की मुलगी अजून मोकळी नाही. त्या हिवाळ्यात माझी भरती थोडक्यात हुकली. पुढच्या खेपेला झाली. वर्दी घालून पहिल्यांदा गावी गेले तेव्हा आत्याने मला दहा-बारा वेळा गल्लीतून चालायला लावलं, मागून बघितलं आणि निकाल दिला, "अजून लई ताठ चालतीस. चोर लांबून वळखंल. जरा आमच्यावानी चाल." साहेबांनी शिकवलेलं आणि आत्याने शिकवलेलं यांत मी आजही आत्याचंच पाळते.

या वैशाखात आत्या गेली. चार-सहा दिवस ताप आणि मग झोपेतच. शेवटच्या भेटीत ती मामांच्या चालीची नक्कल करायला उठत होती आणि आम्ही तिला जबरदस्तीने झोपवत होतो. मामा रडत होते आणि हसतही होते. मला तिची आठवण फार येते. ड्युटीवर एखादा पुढारी छाती काढून समोरून गेला की मी मनातल्या मनात त्याच्या मागे चालू लागते आणि माझं हसू माझ्या साहेबांच्या लक्षात येतं.

पोळ्याला मी रजा काढून खांदेमळणीच्या संध्याकाळीच गावी गेले. लातूरकडची माझी मैत्रीण वर्षा, तीही आमच्यातच शिपाई, सोबत आली. मनात धाकधूक होती. आत्या होती तोवर दरवर्षी बैलांच्या रांगेच्या शेवटी पोरी उभ्या राहायच्या. आता कोण वाटी हातात घेणार? वेशीत पोचलो तर रांग लागलेली होती. बैल पूर्वीपेक्षा कमी, ट्रॅक्टर आल्यापासून ते कमीच होत चालले आहेत, पण पोरींची रांग चांगली लांब. शाळेतल्या, कॉलेजातल्या, दोन तर झूल दुप्पट मोठी झालेल्या अगदी चिमुरड्या. धुळीत बसून पिंढऱ्या मळत होते माझे आप्पा. मामा परात वाजवत होते. आप्पांचे गुडघे दुखतात, म्हणून एका पोरीपासून दुसरीपर्यंत ते बसल्या बसल्याच सरकत होते.

"हे काय गं?" वर्षाने मला विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर रांगेतली सगळ्यांत शेवटची, दुधाचे दात पडलेली, माझ्या आधी बोलली.

"ही आमची रीत हाय. लई जुनी. देवाच्या येळची."

एवढ्याशा पोरीला ही रीत आत्याने पाडली हे माहीत नव्हतं. क्षणभर मला वाईट वाटलं, रागही आला. वाटलं, हिला बसवून सगळं सांगावं. पण आत्या इथे असती तर तिने काय केलं असतं ते मला पक्कं ठाऊक होतं. गंभीर चेहऱ्याने मान डोलावून म्हणाली असती, व्हय बाई, लई जुनी. मीही तशीच मान डोलावली.

"आमच्यात बैलांचं असतंय," वर्षा त्या पोरीला म्हणाली. "पोरींचं न्हाई."

पोरीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. तिला वर्षाची खरोखर काळजी वाटली असावी.

"मंग तुमच्या पोरी पळत्यात कशा?"